वेग अंगाला कळत नाही



तुमच्यापैकी बरेच जण आज समृद्धी महामार्गाने आलात आणि रात्री त्यानेच परतणार. म्हणून नववीतला गतीचा धडा पुन्हा काढते. सर, फळा लागणार नाही!

गाडी कुठे आहे, ते स्थान. स्थान किती झपाट्याने बदलतं, तो वेग. वेग किती झपाट्याने बदलतो, ते त्वरण. मोबाइलचा नकाशा स्थान दाखवतो, गाडीतला काटा वेग दाखवतो. अंगाला मात्र त्वरणच जाणवतं. सिटी बस सुटताना बसणारा हिसका त्याचाच. सरळ रस्त्यावर काटा १२० वर स्थिरावला की त्वरण शून्य, आणि वाटतं, घरच्या सोफ्यावरच बसलोय.

वेगाची किंमत कळते ब्रेक दाबल्यावर. कोरड्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबला, की दर सेकंदाला वेग ताशी २५ किलोमीटरने कमी होतो असं धरा. ६० च्या वेगात गाडी २० मीटरमध्ये थांबेल. १२० ला मात्र ४० नव्हे, ८० मीटर लागतील, कारण हे अंतर वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतं. शिवाय पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला, तर त्यात आणखी ३३ मीटर.

तेव्हा सावंगीला किंवा माळीवाड्याला समृद्धीवर चढलात, की पुढच्या गाडीपासून निदान तीन सेकंदांचं अंतर ठेवा. डोळा लागत असेल तर थांबा. पुढच्या मेळाव्याला हजेरीपटावरचं एकही नाव कमी व्हायला नको.