पेरणी कोण ठरवतं?

(ग्योतोकु येथील बैठकीत केलेले भाषण)



मी संशोधन क्षेत्रात काम करते, म्हणून आकड्यापासून सुरुवात करते. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातल्या ५४ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे. शेतात राबणाऱ्या बायकाही यात आल्या. पिकवणारीच्याच ताटात कमी का?

लातूर-धाराशिवकडे बघा. ज्वारी, तूर मागे पडली आणि सोयाबीन आले. सोयाबीन बाजारात जाते, चुलीवर येत नाही. पैसा कर्ज-उधारीत जातो आणि डाळ-भाजी विकत आणावी लागते. काय पेरायचे हे पुरुष ठरवतो, घरात काय शिजवायचे याची काळजी मात्र बाईला!

१९९३च्या किल्लारी भूकंपानंतरच्या पुनर्वसनात काम केलेल्या प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ने यावर साधा उपाय काढला. बाईने घरच्यांकडे अर्धा-एक एकर मागून घ्यायचा. त्यात भाज्या, डाळी, ज्वारी-बाजरी लावायची. आधी घरचे ताट, उरेल ते बाजारात. या कामाला २०१६ साली संयुक्त राष्ट्रांचे ‘इक्वेटर’ पारितोषिक मिळाले.

आपण राहतो त्या जपानमध्येही हे आपोआप घडलेले नाही. १९४८च्या कायद्यानंतर सरकारने ‘सेइकात्सु काइझेन’साठी, म्हणजे राहणीमान सुधारण्यासाठी, खेड्यापाड्यांत महिला कार्यकर्त्या पाठवल्या. शेतकरी घरांतल्या सुनांनी गट केले, अंड्यांचे पैसे साठवले, धुराच्या चुली बदलल्या. १९९५पासून सरकारने कामाचा मोबदला आणि सुट्टी यांचे लेखी करार घराघरांत व्हावेत म्हणून प्रयत्न केले.

पण मागून घेतलेला एकर परतही मागितला जातो. सातबाऱ्यावर नाव नसेल तर पीककर्जासाठीही नवऱ्याचेच तोंड बघावे लागते. २०१५-१६च्या कृषी गणनेत देशातले जेमतेम १४ टक्के खातेदार स्त्रिया होत्या. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’ मोहिमेत हजारो शेतकऱ्यांना बायकोच्या नावे जमीन करायला लावली, हे आपण विसरता कामा नये. मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत समान वाटा महाराष्ट्राने १९९४मध्ये दिला, देशाने २००५मध्ये. कायदा आहे, तरी बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेतलीच जाते.

आपल्यापैकी अनेकांची गावाकडे जमीन आहे. पगार येनमध्ये येतो, त्या जमिनीवर आपली चूल अवलंबून नाही. म्हणून विनंती एवढीच: पुढच्या सुट्टीत गावी गेलात की सातबारा काढून बघा. आईचे, वहिनीचे, बहिणीचे नाव त्यावर आहे का? नसेल तर तलाठी कार्यालयात अर्ज कसा करायचा ते विचारून या. देणगी देण्यापेक्षा हे अवघड आहे, कारण इथे आपल्याच घरातल्यांशी बोलावे लागते.