पद्मिनीचा मागचा अ‍ॅक्सल

मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली प्रीमियर पद्मिनी अजूनही काहींनी हौसेने जपली आहे. तिचा मागचा अ‍ॅक्सल अखंड असतो आणि दोन पाट्यांवर (लीफ स्प्रिंगांवर) बसतो. म्हणूनच तो घरच्या अंगणात बदलता येतो. जोडीला एक माणूस मात्र हवाच.

हँडब्रेक मागच्या चाकांवरच चालतो, तेव्हा पुढच्या चाकांना ओंडके लावा. गाडी नुसत्या जॅकवर कधीच ठेवू नका. बॉडीखाली, मजबूत जागी, स्टँड द्या. अ‍ॅक्सलला पाट्यांशी जखडणाऱ्या गंजलेल्या यू-बोल्टांवर आदल्या रात्री तेल सोडा. प्रोपेलर शाफ्ट सोडण्यापूर्वी दोन्ही फ्लँजवर खूण करा, नाहीतर पुढे गाडी थरथरण्याची शक्यता असते. ब्रेकची नळी, हँडब्रेकची केबल आणि यू-बोल्ट सोडवून अ‍ॅक्सल ट्रॉली जॅकवर हळूच उतरवा.

जोडताना यू-बोल्ट नवेच घ्या, इथे काटकसर नको. पाट्यांच्या रबरी बुशांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी राहिल्यावरच आवळा, कारण अधांतरी आवळलेले रबर पिळले जाऊन लवकर फाटते. डिफरन्शिअलमध्ये ऑइल भरा, ब्रेकमधली हवा काढा. शंभरेक किलोमीटरनंतर यू-बोल्ट पुन्हा तपासा.