तबकडीची दुसरी बाजू

पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी किंवा बुधवारी चक्कर मारली, तर एखाद्या पथारीवर लाखेच्या जुन्या तबकड्या अजूनही दिसतात. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटांचं एक गाणं, उलटून ठेवली की दुसरं. परदेशात कंपन्यांचा सगळा भर पहिल्या बाजूवर असायचा. मागची बाजू कोरी राहू नये, म्हणून तिथं काहीतरी घालायचं. लोकांना मात्र हे मान्य असेलच असं नाही. रॉड स्टुअर्टचं ‘मॅगी मे’ १९७१ मध्ये असंच मागच्या बाजूला गेलं होतं. रेडिओवाल्यांनी तबकडी उलटून लावली आणि ते इंग्लंड-अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर जाऊन बसलं!

आपल्याकडची हकिकत याहून रंजक आहे. बडोद्याहून मुंबईला आलेले श्रीनिवास खळे तेव्हा पंचविशीतले, कामाच्या शोधात. ‘लक्ष्मीपूजन’ चित्रपटासाठी गदिमांनी त्यांचं नाव सुचवलं. चाली तयार झाल्या आणि ऐनवेळी गाणी चित्रपटातून वगळली गेली. एखाद्या नवख्याची उमेद तिथंच संपली असती. पण त्यातली दोन गाणी १९५२ मध्ये एचएमव्हीनं आशा भोसले यांच्या आवाजात तबकडीवर आणली. एका बाजूला ‘गोरी गोरी पान’, दुसऱ्या बाजूला ‘एका तळ्यात होती’. आज त्या चित्रपटाचं नाव निघतं, ते या गाण्यांमुळेच.

मला विचाराल, तर माझा कौल बदकाच्या पिल्लाला. वहिनीसाठी दादाकडे धरलेला हट्ट गोडच आहे (गोरेपणाचा आग्रह आज जरा खटकतो, ते असो). पण अँडरसनची १८४३ ची कथा गदिमांनी अशी मराठी केली, की ती सातासमुद्रापलीकडची वाटतच नाही. सगळ्यांनी दूर लोटलेलं ते पोर पाण्यात स्वतःचं रूप बघतं आणि आपण राजहंस आहोत हे त्याला उमगतं. विशीही न गाठलेल्या आशाबाईंनी ते किती हळुवारपणे सांगितलंय!

खळ्यांनीच पुढे ‘जय जय महाराष्ट्र माझा’ला चाल लावली. २०२३ मध्ये ते राज्यगीत झालं. पिल्लाचं गाणं मात्र कुठल्याही सरकारी ठरावाशिवाय बालवाड्यांत पोचलं. ते गाणाऱ्या पोरांनी तबकडी कधी पाहिलेलीही नसते.