लहान होडीची विजेची मोटार : निवड कशी करावी?



पालघर आणि बोईसर यांच्यामध्ये पश्चिम रेल्वेवर उमरोळी हे लहानसे स्थानक आहे. तेथून पश्चिमेस काही किलोमीटरांवर मुरबे आणि सातपाटी ही कोळ्यांची गावे, तर उत्तरेस तारापूर. तारापूरच्या अणुवीज केंद्रातून १९६९ पासून वीज बाहेर पडत आहे. परंतु त्याच किनाऱ्यावरची होडी अजून वल्ह्यावर, शिडावर नाही तर इंधनाच्या इंजिनावर चालते. आता विजेच्या मोटारी बाजारात आल्या आहेत. त्या घ्याव्यात काय, आणि घ्यायच्या तर कोणत्या, असा प्रश्न कोळी बांधव ग्रामपंचायतीत विचारू लागतील, तेव्हा पंच, शिक्षक आणि अधिकारी यांच्याजवळ नेमके उत्तर असावयास हवे. चुकीच्या सल्ल्याने एखाद्या घरावर कर्ज चढेल; त्याहून वाईट म्हणजे ओहोटीच्या ओढीत एखादी होडी निःशक्त होऊन वाहत जाईल.

कोणत्या होडीसाठी?

सर्वप्रथम मर्यादा ओळखावी. एक लिटर डिझेलमध्ये सुमारे १० युनिट उष्णता असते. तिच्यापैकी अडीच ते तीन युनिटच लहान इंजिनाच्या दांड्यापर्यंत पोहोचतात. तरीही वजनाच्या मानाने डिझेल बॅटरीपेक्षा कितीतरी सरस ठरते. पापलेटसाठी खोल समुद्रात अनेक दिवस राहणाऱ्या, बर्फ आणि डिझेल भरून निघणाऱ्या सातपाटीच्या मोठ्या नौकांना आजची बॅटरी पुरणार नाही. खाडीत अथवा किनाऱ्यालगत जाळे टाकून त्याच दिवशी परतणारी, वीस-बावीस फुटांची होडी हेच विजेच्या मोटारीचे खरे क्षेत्र होय.

केरळात वैक्कम ते तवणक्कडवू या मार्गावर ‘आदित्य’ ही ७५ प्रवाशांची सौर नौका जानेवारी २०१७ पासून सुरू झाली. तिचा मार्ग ठराविक, पाणी शांत आणि अंतर थोडे, म्हणून हिशेब जुळला. मासेमारीच्या होडीचा हिशेब वाऱ्यावर, भरतीवर आणि मासळीवर अवलंबून असतो.

मोटार किती शक्तीची?

एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. जुने इंजिन १० अश्वशक्तीचे होते, म्हणून मोटारही तेवढीच हवी, असे नाही. वीस फुटांच्या होडीला साधारण सहा नॉटच्या पुढे रेटू गेल्यास शक्ती पाण्याच्या लाटा उठविण्यातच खर्ची पडते. शिवाय वेग थोडा वाढविला तरी शक्ती फार वाढवावी लागते. चार नॉटऐवजी पाच नॉटने जावयाचे तर ती जवळजवळ दुप्पट लागते. म्हणून सावकाश चालणे हीच विजेच्या होडीची मोठी बचत.

विक्रेता क्षणभर मिळणारी कमाल शक्ती सांगतो. ग्राहकाने तासन् तास सतत मिळणारी शक्ती विचारावी. पंखा मोठा आणि सावकाश फिरणारा असावा. जाळे अडकल्यास तो सोडविता येईल, अशी मोटार वर उचलण्याची सोय असावी.

बॅटरीचा हिशेब

एक उदाहरण घेऊ. भरलेली होडी चार नॉटने नेण्यास मोटार २ किलोवॅट घेते, असे समजा. जाळे टाकण्याची जागा बंदरापासून तीन सागरी मैल आहे. शांत पाण्यात जाण्यास पाऊण तास, म्हणजे दीड युनिट लागेल. जाळ्याच्या कामास अर्धा युनिट. परतताना दोन नॉटची ओढ समोरून आली, तर होडी जमिनीच्या मानाने दोनच नॉट पुढे सरकेल. तेच अंतर कापण्यास दीड तास आणि तीन युनिट लागतील. एकूण पाच युनिट झाले. शांत पाण्याचा हिशेब धरून साडेतीन युनिट वापरता येतील एवढीच बॅटरी घेणारा तांडेल बंदर दिसत असताना अडकेल.

या पाच युनिटांवर एक तृतीयांश राखीव धरला की गरज पावणेसात युनिटांच्या घरात जाते. लिथियम लोह फॉस्फेट बॅटरीतून ८० टक्के वापर धरल्यास सुमारे साडेआठ युनिटांची बॅटरी हवी. तिचे वजन ऐंशी-नव्वद किलो भरेल. शिसे-आम्ल बॅटरी निम्मीच रिकामी करावी, नाही तर ती लवकर निकामी होते. म्हणजे तेरा-चौदा युनिटांची बॅटरी, आणि वजन सुमारे चारशे किलो! ती स्वस्त दिसते. पण होडीतली मासळीची जागा तीच खाते.

हा हिशेब उधाणाच्या दिवसाचा करावा, भांगाच्या दिवसाचा नव्हे. सातपाटीच्या खाडीत गाळ साचल्याने नौकांना भरतीची वाट पाहावी लागते. तो थांबण्याचा काळही ध्यानात असावा.

खारे पाणी आणि सुरक्षितता

४८ व्होल्टची मांडणी लहान होडीस सोयीची. १२ व्होल्टवर २ किलोवॅटला सुमारे १६७ अँपिअर प्रवाह लागतो, ४८ व्होल्टवर सुमारे ४२. त्यामुळे तारा कमी तापतात. बॅटरीलगत फ्यूज, जलरोधक पेटी आणि मोटारीवर जस्ताचा गंजरोधक तुकडा आवश्यक आहे. दररोज मोटार गोड्या पाण्याने धुवावी. लिथियम बॅटरीचे रक्षक यंत्र धोका दिसताच वीज एकदम तोडते; म्हणून वल्ही, शीड आणि नांगर होडीत राहिलेच पाहिजेत.

पंचायतीचे काम

पाच युनिट रोज देणारी सौर पाटी होडीवर मावत नाही. एक किलोवॅटच्या पाट्यांपासून दिवसाला सुमारे चारच युनिट मिळतात, तेही पावसाळा सोडून. त्यापेक्षा बंदरावरील लिलावगृहाच्या छपरावर पाट्या बसवून, मीटर आणि गळती-प्रवाह तोडणारा स्विच असलेले सामायिक चार्जिंग केंद्र सहकारी संस्थेने चालविणे हितावह.

मोटार बसविण्यापूर्वी होडीची नोंद आणि परवाना यांबाबत मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारणा व्हावी. राज्यात १९८१ चा सागरी मासेमारी नियमन अधिनियम लागू आहे. १ जून ते ३१ जुलै या बंदीकाळात बिगरयांत्रिक होडीला मिळणारी सवलत मोटार बसविल्यावर राहील काय, हे कोळी बांधवाला खरेदीआधी कळले पाहिजे.

सातपाटीच्या कोळ्यांनी एके काळी शिडाच्या होडीवर इंजिन स्वीकारले, ते त्याचा उपयोग पाण्यात पारखून. विजेच्या मोटारीलाही तीच कसोटी लावावी. एक होडी, एक हंगाम, उधाण आणि भांग दोन्हींत रोजच्या युनिटांची वहीत नोंद. त्या वहीतले आकडे पाहूनच पुढच्या घराने कर्जाच्या अर्जावर सही करावी.