हळदीचा अभिमान आणि यकृताची तपासणी



पिंपरी, भोसरी, चाकण या पट्ट्यातील अनेक कारखान्यांत कामगारांची आरोग्यतपासणी होते आणि अलीकडे पुष्कळांच्या सोनोग्राफीच्या अहवालावर ‘फॅटी लिव्हर’ हे शब्द उमटतात. दारूला कधी न शिवलेला मनुष्य ते वाचून चक्रावून जातो. परंतु या विकाराचे मूळ बहुधा वाढत्या पोटात आणि मधुमेहात असते. रात्रपाळी, दिवसातून पाच वेळा गोड चहा, पाळी सुटल्यावर गेटबाहेरचा वडापाव, हा क्रम वर्षानुवर्षे चालला की यकृताच्या पेशींत चरबी साठू लागते. केंद्र सरकारने २०२१ मध्ये असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात या विकाराचा समावेश केला, यावरून त्याची व्याप्ती ध्यानी यावी.

अहवाल घरी पोहोचतो न पोहोचतो तोच शेजारचे काका सांगतात, “हळदीची कॅप्सूल सुरू कर. आपलीच वस्तू, तिचा अपाय कसला?”

हळद आपली आहे, हे तर जगापुढे सिद्धच झाले आहे. १९९५ मध्ये अमेरिकेत जखम भरण्यासाठी हळदीच्या वापरावर पेटंट दिले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्यास आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते रद्द ठरले. हा विजय केवळ भावनेच्या बळावर मिळाला नाही. जुन्या ग्रंथांतील उतारे आणि भारतीय वैद्यकीय नियतकालिकात १९५३ साली छापलेला शोधनिबंध असे लेखी पुरावे परिषदेने पुढे ठेवले होते. मात्र तो वाद जखमेपुरता होता. यकृतातील चरबीसाठी पुरावा वेगळा हवा.

तो पुरावा आहे, पण तोकडा आहे. विशेषतः इराणमध्ये झालेल्या काही चाचण्यांत हळदीचा अर्क घेणाऱ्यांच्या रक्तातील एएलटी, एएसटी हे निर्देशांक थोडे उतरले. काहींत फरक आढळला नाही. रुग्ण बहुधा काही डझन, कालावधी दोन-तीन महिन्यांचा. शिवाय निर्देशांक उतरला म्हणजे यकृतावरील व्रण भरून आले, असे होत नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. हळदीत कर्क्युमिन असते जेमतेम तीन टक्के, आणि तेही शरीरात फारसे शोषले जात नाही. बंगळूरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी १९९८ मध्ये दाखविले की, मिरीतील पायपरीन जोडीला दिल्यास हे शोषण सुमारे वीस पटींनी वाढते. म्हणूनच अनेक कॅप्सूलांत मिरीचा अर्क घालतात. आमटीतील चिमूटभर हळद आणि ही कॅप्सूल यांना एक मानणे ही चूकच होय. इटलीत २०१९ मध्ये अशा कॅप्सूलांनंतर यकृतदाहाचे रुग्ण आढळले आणि तेथील शासनाने वेष्टनावर इशारा छापणे बंधनकारक केले. अमेरिकेतील संशोधकांनी २०२२ मध्ये असे दहा रुग्ण नोंदविले. त्यांपैकी एक दगावला. बहुतेकांत एक विशिष्ट आनुवंशिक घटक होता. तो आपल्यात आहे की नाही, हे कॅप्सूल गिळणाऱ्यास ठाऊक नसते. चाकणच्या कारखान्यात साधा नटसुद्धा तपासल्यावाचून जोडणीला जात नाही. पोटात जाणाऱ्या वस्तूला मात्र कोणी गेटपासही विचारीत नाही!

आयुर्वेदात प्रमेहावर हळद व आवळ्याचा योग सांगितला आहे, हे खरे. पण वैद्य तो प्रकृती पाहून, पथ्यासह देतो. पथ्य गाळून उरलेली पुडी म्हणजे आयुर्वेद नव्हे. आधुनिक वैद्यकही येथे पथ्यापाशीच येऊन थांबते. वजन पाच टक्के उतरले की यकृतातील चरबी घटते, सात ते दहा टक्के उतरले की सूजही ओसरू लागते. ऐंशी किलोच्या मनुष्यास हे साडेपाच ते आठ किलो होतात. सहा महिने ते वर्षभराचे काम. त्यात चहातील साखर सोडणे आणि पाळीच्या वेळेनुसार रोज चालणे आले.

स्वयंपाकातील हळद कोणी बंद करण्याचे कारण नाही. कॅप्सूल चालू असेल तर ती डॉक्टरांना अवश्य सांगावी, विशेषतः रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी. लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसू लागले वा अंगाला खाज सुटली, तर ती त्याच दिवशी थांबवून रक्ततपासणी करून घ्यावी.