शाळा, गांव आणि देणगीदार

एखादा धनिक उदार झाला आणि गांवाला शाळेची इमारत मिळाली, असें वाचलें कीं मनाला समाधान वाटतें. परंतु द्रव्य मिळालें म्हणजे शाळा झाली काय? जागा कोणाची, श्रम कोणाचे, मालकी कोणाकडे आणि इमारत उभी राहिल्यावर शिक्षकाचा पगार कोण देणार, या प्रश्नांचीं उत्तरें पायाचा दगड बसण्यापूर्वींच मिळालीं पाहिजेत. तीं मिळालीं नाहींत तर मोठ्या देणगीचेंहि चीज होत नाहीं. अमेरिकेच्या दक्षिण भागांत १९१२ ते १९३२ या वीस वर्षांत हजारों शाळागृहें बांधण्यांत आलीं. त्यांची हकीकत या दृष्टीनें फार बोधप्रद आहे.

ज्युलियस रोझेनवाल्ड हे शिकागो येथील सिअर्स, रोबक या मोठ्या व्यापारी पेढीचे प्रमुख. बुकर टी. वॉशिंग्टन हे गुलामगिरींत जन्मलेले, पण पुढें अलाबामा संस्थानांतील टस्कीगी येथील विद्यालय नांवारूपास आणणारे शिक्षक. या दोघांची भेट १९११ सालीं झाली. त्या काळीं दक्षिणेंत गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांच्या शाळा कायद्यानेंच वेगळ्या होत्या. कृष्णवर्णीय नागरिक कर भरीत. पण त्या उत्पन्नाचा फारच थोडा अंश त्यांच्या मुलांच्या वाट्यास येई. कित्येक ठिकाणीं वर्ग प्रार्थनामंदिरांत किंवा मोडकळीस आलेल्या खोपटांत भरत.

१९१२ सालीं, आपल्या पन्नासाव्या वाढदिवसानिमित्त, रोझेनवाल्ड यांनीं टस्कीगीला २५,००० डॉलर दिले. त्यांतील कांहीं रक्कम जवळपासच्या खेड्यांत सहा लहान शाळा बांधण्याकडे लावावी, अशी सूचना वॉशिंग्टन यांनीं केली. मात्र संपूर्ण खर्च देणगीदारानें सोसावा असें त्यांनीं सुचविलें नाहीं. गांवानें आपला वाटा उचलला तरच मदत, असा हा करार होता.

पहिली शाळा १९१३ सालीं लोचापोका या गांवीं झाली. तिचा जमाखर्च ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. एकंदर खर्च ९४२ डॉलर ५० सेंट. त्यांत रोझेनवाल्ड यांचे ३०० डॉलर. जागेसाठीं कृष्णवर्णीय रहिवाशांनीं जमविलेले १५० डॉलर आणि १३२ डॉलर ५० सेंट किंमतीचे त्यांचे अंगमेहनतीचे श्रम. उरलेले ३६० डॉलर गोऱ्या शेजाऱ्यांचे. म्हणजे देणगीदाराचा हिस्सा एक तृतीयांशाहूनहि कमी होता; परंतु त्या हिश्शानेंच बाकीचे हात पुढें आले.

हा वाटा गरीब शेतकऱ्यांनीं उभा कसा केला? कोणी जंगलांतील लांकूड दिलें, कोणी कोंबड्या विकल्या, कोणी आठवड्याची सुटी बांधकामावर घालविली. कांहीं गांवांत कापसाच्या शेताचा एक तुकडा शाळेसाठीं राखून ठेवीत आणि त्याचें उत्पन्न इमारतीच्या निधींत भरीत.

इमारतीचे नकाशेहि विचारपूर्वक केलेले होते. टस्कीगीनें १९१५ सालीं त्यांचें एक पुस्तकच छापलें, आणि १९२० पासून नॅशव्हिल येथील कचेरीनें नवे नकाशे तयार केले. या नकाशांची वर्गवारी मुख्यतः शिक्षकांच्या संख्येवरून केलेली असे: एका शिक्षकाची शाळा, दोन शिक्षकांची शाळा, याप्रमाणें. आधीं शिकविणारा, मग भिंती, असा हा हिशेब. खेड्यांत वीज नव्हती. म्हणून उंच खिडक्यांची सलग ओळ ठेवीत आणि बांके अशीं मांडीत कीं प्रकाश मुलाच्या डाव्या बाजूनें यावा. उजव्या हातानें लिहिणाऱ्या मुलाच्या वहीवर त्याच्याच हाताची सावली पडूं नये, इतका बारीक विचार त्यांत होता.

१९३२ सालीं रोझेनवाल्ड यांचें निधन झालें आणि त्याच वर्षीं बांधकामाचें हें कार्यहि संपलें. तोंपर्यंत पंधरा संस्थानांत ४,९७७ शाळा, शिक्षकांसाठीं २१७ घरें आणि १६३ कार्यशाळा बांधून झाल्या होत्या. एकूण खर्च सुमारें २ कोटि ८४ लक्ष डॉलर. त्यांपैकीं शेंकडा ६४ भाग सरकारी करांतून आला, १७ भाग कृष्णवर्णीय लोकांनीं दिला, रोझेनवाल्ड निधीनें १५ भाग आणि गोऱ्या नागरिकांनीं ४ भाग दिला. शाळांना नांव मिळालें रोझेनवाल्ड यांचें. पण त्यांच्यापेक्षां अधिक रक्कम दिली ती ज्यांच्यापाशीं सर्वांत कमी होतें त्यांनीं.

या योजनेंत एक कटु अंशहि आहे. ज्यांनीं कर भरला होता त्यांनाच पुन्हां वर्गणी द्यावी लागली. म्हणजे एका शाळेसाठीं दोनदां दाम मोजावा लागला. शिवाय जागेचें खरेदीपत्र सार्वजनिक शिक्षणखात्याच्या नांवें करून देणें आवश्यक होतें. शिक्षकाच्या पगाराची जबाबदारी सरकारवर पडावी, यासाठीं ती अट शहाणपणाचीच होती. परंतु १९५४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें वेगळ्या शाळा बेकायदा ठरविल्या. त्यानंतर यथाकाल या इमारती बंद पडूं लागल्या, आणि ज्यांच्या वडिलांनीं त्या बांधल्या होत्या त्यांच्या हातीं पुष्कळ ठिकाणीं कांहींच उरलें नाहीं. अन्यायाचा अंत झाला हें इष्टच झालें. मात्र इमारतीचें काम संपल्यावर तिचें काय व्हावें, हा प्रश्न करारपत्रांत कोणी लिहून ठेवला नव्हता.

तरीहि त्या खिडक्यांतून आलेला प्रकाश वायां गेला नाहीं. कवयित्री माया अँजेलू आणि नागरी हक्कांसाठीं लढणारे जॉन लुईस हीं दोघेंहि अशाच शाळांत शिकलीं. आज जो कोणी एखाद्या गांवाला वर्गखोल्या बांधून देऊं इच्छितो, त्यानें आपल्या नांवाच्या शिलालेखापूर्वीं दोन कागद पुढें घ्यावेत. एकावर गांव काय देणार तें लिहावें; दुसऱ्यावर, देणगीदार निघून गेल्यानंतर त्या इमारतीवर गांवाचा काय हक्क राहणार तें लिहावें. पहिला कागद लोचापोका येथें लिहिला गेला होता. दुसरा राहून गेला.