आधी मोजणी, मग निर्णय
(सीमाभागातील मराठी बांधवांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



आपल्या व्यासपीठावर भाषा, शाळा आणि दाखले हे नेहमीचे विषय. आज आम्ही आपल्या घरातल्या हवेबद्दल बोलणार आहोत.

जमिनीतल्या युरेनियमपासून रेडॉन नावाचा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो भेगांतून वर येतो, उघड्यावर विरून जातो, पण बंद खोलीत साठतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ सालीच त्याला कर्करोगकारक ठरवले. फुफ्फुसाच्या कर्करोगाला धूम्रपानाच्या खालोखाल तो कारणीभूत आहे. विडी-सिगारेट ओढणाऱ्याला धोका कितीतरी जास्त.

आपला याच्याशी संबंध काय? शहापूर तालुक्यातील गोगी येथे युरेनियमचा साठा सापडला आहे. आज यादगीर जिल्ह्यात असलेला हा तालुका २००९ च्या अखेरपर्यंत गुलबर्गा जिल्ह्यातच होता. तिथल्या खाणीवरून पुष्कळ वाद झाला. पण खाण होवो न होवो, खडक तिथेच आहे आणि माणसेही तिथेच राहतात.

मग सगळ्यांनीच घाबरायचे का? नाही. भालकी, बसवकल्याण, आळंदकडे काळा बेसाल्ट आहे, त्यात युरेनियम कमी असते. शहाबादी फरशीलाही उगाच दोष देऊ नका, चुनखडकात ते सहसा कमीच. दक्षिणेकडे ग्रॅनाइट लागतो, तिथे जास्त असू शकते. शिवाय शेजारच्या दोन घरांतही आकडा वेगळा निघतो. म्हणून सबंध जिल्ह्याला एकच अंदाज लावून भागत नाही.

आम्ही बँकेतली माणसे. रोकड मोजल्याशिवाय पावतीवर शिक्का मारत नाही. सरकारनेही न मोजता 'सर्व ठीक आहे' असा शिक्का मारू नये. मोजणी अवघड नाही. खास फिल्म बसवलेली लहान डबी खोलीत साधारण तीन महिने टांगायची, वीज लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली घनमीटरला १०० बेकरेल ही पातळी सुचवली, आणि ते शक्य नसेल तिथे ३०० च्या वर जाऊ नये असे म्हटले. आकडा जास्त आला तरी घर पाडावे लागत नाही. भेगा बुजवाव्यात, हवा खेळती ठेवावी, गरज पडल्यास जोत्याखालची हवा पाइपाने बाहेर काढावी.

आमच्या मागण्या तीन आहेत. पहिली, गोगी परिसरापासून सुरुवात करून शाळा, अंगणवाड्या आणि घरांत मोजणी व्हावी. दुसरी, घटनेच्या ३७१ जे कलमामुळे २०१३ पासून आपल्या भागाला विशेष दर्जा आहे, तेव्हा कल्याण कर्नाटक विकास मंडळाने यासाठी निधी द्यावा. तिसरी, निकाल ग्रामसभेत कन्नड आणि मराठी दोन्ही भाषांत वाचून दाखवावा. ज्या घरातला आकडा आहे, त्या घरातल्या म्हातारीला तो कळला पाहिजे.

कन्नड बांधवही याच हवेत श्वास घेतात. त्यांना सोबत घ्या आणि येत्या ग्रामसभेत हा ठराव मांडा.

जय हिंद!